लिनक्सच्या पडद्याचे सूत्रधार अनेक का?

लिनक्स या मुक्तस्रोत संगणकप्रणालीच्या पडद्यामागे गेली काही वर्षे एक मोठे स्थित्यंतर सुरू आहे. मे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'रेड हॅट एंटरप्राइझ लिनक्स १०' या आवृत्तीतून एक्स सर्व्हर वगळण्यात आला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये 'ग्नोम ४९' या डेस्कटॉप प्रणालीने एक्सवर आधारित सत्र मूळ मांडणीत बंद ठेवले आणि ऑक्टोबरमध्ये आलेल्या 'उबुंटू २५.१०' ने ते सोबत देणेच थांबविले. सुमारे चार दशके युनिक्स आणि लिनक्स संगणकांच्या पडद्याचा कारभार सांभाळणाऱ्या एका व्यवस्थेची अशा रीतीने पाठवणी होत आहे. तिची जागा 'वेलँड' ही नवी व्यवस्था घेत आहे.

हे स्थित्यंतर सरळ मार्गाने झालेले नाही. मधल्या काळात 'मिर' नावाची तिसरी व्यवस्था पुढे आली व मागे पडली. लिनक्सच्याच गाभ्यावर चालणाऱ्या अँड्रॉइड फोनने या साऱ्यांना बाजूला ठेवून चौथा मार्ग निवडला. विंडोज किंवा मॅक वापरणाऱ्यांपुढे असा प्रश्न कधीच येत नाही. मग लिनक्सच्याच बाबतीत एका कामासाठी इतके दावेदार का निर्माण व्हावेत? या प्रश्नाचे उत्तर काही अंशी तंत्रात, काही अंशी परवान्यांच्या कायदेशीर भाषेत आणि बऱ्याच अंशी निर्णय कोणी घ्यावयाचा या वादात दडलेले आहे.

डिस्प्ले सर्व्हर म्हणजे काय?

संगणकाचा पडदा एक असतो, परंतु त्यावर एकाच वेळी अनेक आज्ञावली काम करीत असतात. एका चौकटीत पत्र लिहिले जाते, दुसरीत चित्रफीत चालू असते, तिसरीत संकेतस्थळ उघडलेले असते. प्रत्येक आज्ञावली थेट पडद्यावर चितारू लागली तर गोंधळ माजेल. कळफलकावरील कळ दाबली गेली ती नेमकी कोणासाठी, हेही कोणीतरी ठरवावे लागते. पडद्याची वाटणी करणे, कोणती चौकट वर व कोणती खाली हे सांभाळणे आणि कळफलक, माऊस व स्पर्श यांच्याकडून येणारी सूचना योग्य आज्ञावलीपर्यंत पोहोचविणे ही कामे करणाऱ्या मध्यस्थास डिस्प्ले सर्व्हर असे म्हणतात.

ही जबाबदारी लिनक्सच्या गाभ्याची, म्हणजे कर्नेलची नाही. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये जे निर्माण केले ते कर्नेल होते. त्याच्यावरचा प्रत्येक थर वेगवेगळ्या गटांनी, वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या हेतूंनी रचला. विंडोज आणि मॅकमध्ये कर्नेलपासून चौकटीच्या कडेपर्यंतचे सर्व थर एकाच कंपनीच्या हाती असतात. मॅक ओएस टेन ही प्रणाली २००१ मध्ये आली तेव्हा ॲपलने पडद्याची जुनी व्यवस्था काढून नवी बसविली. निर्णय एका ठिकाणी झाला आणि तो सर्वांना लागू झाला. लिनक्समध्ये असा आदेश देऊ शकणारी कोणतीही संस्था नाही.

एका विद्यापीठाची गरज

एक्स विंडो सिस्टीमचा जन्म लिनक्सच्याही आधीचा आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी अर्थात एमआयटी या संस्थेत १९८३ मध्ये 'प्रोजेक्ट अथेना' सुरू झाला. डिजिटल इक्विपमेंट आणि आयबीएम या कंपन्यांच्या सहकार्याने विद्यार्थ्यांना संगणकांचे जाळे उपलब्ध करून देणे हा त्याचा उद्देश होता. निरनिराळ्या उत्पादकांची, परस्परांशी न जुळणारी यंत्रे त्यात होती. या सर्व यंत्रांवर सारखीच चालेल अशी पडद्याची व्यवस्था हवी होती.

रॉबर्ट शाइफ्लर आणि जिम गेटिस यांनी १९८४ मध्ये हे काम हाती घेतले. स्टॅनफर्ड विद्यापीठात तयार झालेल्या 'डब्ल्यू' नावाच्या प्रणालीचा त्यांनी आधार घेतला. डब्ल्यूनंतरचे अक्षर म्हणून नव्या प्रणालीचे नाव 'एक्स' पडले. सप्टेंबर १९८७ मध्ये तिची अकरावी आवृत्ती आली. आजही 'एक्स११' हेच नाव प्रचलित आहे, कारण संवादाचे मूळ नियम त्यानंतर बदललेले नाहीत. त्यांना केवळ पुरवण्या जोडल्या गेल्या.

एक्सची रचना त्या काळाच्या गरजेतून झाली होती. अवजड गणना दूरच्या मोठ्या संगणकावर व्हावी आणि तिचे चित्र विद्यार्थ्याच्या मेजावरील यंत्रावर उमटावे, ही ती कल्पना. त्यामुळे 'सर्व्हर' हा शब्द येथे नेहमीच्या उलट अर्थाने येतो. सर्व्हर वापरणाऱ्याच्या समोर असतो आणि त्याच्याकडून सेवा घेणारी आज्ञावली शेकडो मैलांवर असू शकते. चौकटी कशा दिसाव्यात, त्यांच्या कडा कशा असाव्यात याविषयी एक्सने कोणतेही बंधन घातले नाही. साधने द्यावयाची, धोरण इतरांवर सोपवावयाचे, हे त्याचे तत्त्व होते.

त्या काळी एक्सला प्रतिस्पर्धी नव्हता असे नाही. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने 'न्यूज' नावाची प्रणाली आणली होती. पुढे जावा भाषेचे जनक म्हणून प्रसिद्ध झालेले जेम्स गॉसलिंग तिच्या निर्मात्यांपैकी एक होते. अनेक जाणकारांच्या मते तिची रचना अधिक प्रगत होती. परंतु ती एका कंपनीची मालमत्ता होती आणि एक्स कोणालाही विनामूल्य घेता येत असे. प्रतिस्पर्धी कंपन्यांनी साहजिकच एक्सला जवळ केले. पडद्याच्या या क्षेत्रात तंत्राच्या गुणवत्तेइतकेच मालकीलाही महत्त्व असते, हे तेव्हाच स्पष्ट झाले होते.

परवान्यावरून पडलेली फूट

घरगुती संगणकांवर एक्स आणण्याचे काम १९९२ पासून 'एक्सफ्री८६' या स्वयंसेवी प्रकल्पाने केले. लिनक्सचा प्रसार झाला तो याच्याच सोबतीने. १९९८ मध्ये एक्सची मालकी सांभाळणाऱ्या ओपन ग्रुप या संस्थेने परवान्याच्या अटी कडक केल्या, तेव्हा एक्सफ्री८६ ने त्या स्वीकारण्यास नकार दिला आणि संस्थेला त्याच वर्षी माघार घ्यावी लागली.

सहा वर्षांनी याच एक्सफ्री८६ वर तशीच वेळ आली. फेब्रुवारी २००४ मध्ये आलेल्या ४.४ या आवृत्तीच्या परवान्यात श्रेयनिर्देशाचे नवे कलम घालण्यात आले. वरवर पाहता ते किरकोळ होते, परंतु लिनक्सविश्वात सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या जीपीएल परवान्याशी ते विसंगत असल्याचे फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनने स्पष्ट केले. प्रमुख लिनक्स वितरकांनी नवी आवृत्ती घेण्याचे नाकारले. विकासाचा मंद वेग आणि अंतर्गत मतभेद यांमुळे असंतोष आधीपासूनच होता. कीथ पॅकार्ड यांच्यासारख्या ज्येष्ठ विकासकाला २००३ मध्ये मुख्य गटातून दूर करण्यात आले होते. अखेर नव्याने स्थापन झालेल्या एक्स डॉट ऑर्ग फाउंडेशनने वादग्रस्त कलमाच्या आधीची आज्ञावली घेऊन एप्रिल २००४ मध्ये आपली स्वतंत्र आवृत्ती काढली. अल्पावधीत जवळपास सर्व वितरक तिच्याकडे वळले आणि एक्सफ्री८६ निष्प्रभ झाला.

मुक्तस्रोत आज्ञावलीचा हा मूलभूत गुणधर्म आहे. मूळ मजकूर सर्वांना खुला असल्याने ज्यांना निर्णय मान्य नाही ते तो मजकूर घेऊन वेगळी चूल मांडू शकतात. त्यामुळे एकाधिकार टिकत नाही. मात्र कामाची पुनरावृत्तीही टाळता येत नाही.

जुन्या घराची डागडुजी

एक्सची कार्यपद्धती नव्या काळाशी विसंगत का ठरली, हे देवनागरीच्या उदाहरणावरून चांगले समजते. एक्सच्या मूळ रचनेत अक्षरे उमटविणे हे सर्व्हरचे काम होते. आज्ञावलीने क्रमांक पाठवावा आणि सर्व्हरने त्या क्रमांकाचा आकार आपल्या साठ्यातून काढून पडद्यावर ठेवावा, अशी ती पद्धत. रोमन लिपीला ती पुरेशी होती. देवनागरीत मात्र 'कि' लिहिताना उच्चारात मागाहून येणारी वेलांटी व्यंजनाच्या आधी ठेवावी लागते, 'क्ष' किंवा 'त्र' यांसारख्या जोडाक्षरांना स्वतंत्र आकार लागतो आणि 'र्क' मधला रफार शिरोरेषेवर चढवावा लागतो. एका क्रमांकाला एक आकार या नियमात हे बसत नव्हते.

यावर उपाय म्हणून सर्व्हरला देवनागरी शिकविण्यात आली नाही. हे काम त्याच्याकडून काढून घेण्यात आले. अक्षरांची जुळणी आज्ञावलीनेच करावी आणि तयार चित्र सर्व्हरकडे सोपवावे, अशी पद्धत २००० नंतर रूढ झाली. मार्च २००२ मध्ये आलेल्या 'जीटीके २.०' या संचासोबत 'पँगो' ही बहुलिपी मांडणी करणारी आज्ञावली आली. ग्नोमसारख्या डेस्कटॉपवर मराठी आणि हिंदी मजकूर योग्य रीतीने दिसू लागण्यात तिचा मोठा वाटा आहे.

जे अक्षरांचे झाले तेच इतर कामांचेही झाले. चित्रे, बटणे, सावल्या सारे आज्ञावली स्वतःच रंगवू लागल्या. ग्राफिक्स कार्ड हाताळण्याचे काम पूर्वी एक्स सर्व्हर सर्वाधिकारांनिशी करीत असे. मार्च २००९ मधील लिनक्स २.६.२९ पासून ते टप्प्याटप्प्याने कर्नेलकडे गेले. चौकटी एकत्र करून अंतिम चित्र जुळविण्याचे काम 'कंपोझिटर' नावाच्या वेगळ्या आज्ञावलीकडे गेले. अशा रीतीने एक्सकडे करण्यासारखे फारसे काही उरले नाही, परंतु प्रत्येक कागद त्याच्या टेबलावरून जाणे मात्र बंधनकारक राहिले. आज्ञावलीने सर्व्हरला कळवावयाचे, सर्व्हरने कंपोझिटरला, कंपोझिटरने पुन्हा सर्व्हरला आणि मग चित्र पडद्यावर.

या फेऱ्यांचे परिणाम दैनंदिन वापरात दिसत. चित्रफीत चालू असताना मधोमध फाटल्यासारखी दिसे. एखाद्या आज्ञावलीची यादी उघडी राहिली असता पडदा कुलूपबंद होत नसे, कारण कुलूप लावणारी आज्ञावलीही एक्सच्या दृष्टीने इतरांसारखीच एक आणि कळफलकाचा ताबा आधी दुसऱ्याने घेतलेला. त्याहून गंभीर बाब म्हणजे एक्सला जोडलेली कोणतीही आज्ञावली इतरांच्या चौकटीत टंकलिहिलेला मजकूर ऐकू शकत होती. सर्व आज्ञावली विश्वासू असतील असे १९८७ मध्ये गृहीत धरता येत होते. बँकेचे व्यवहार संगणकावरून होऊ लागल्यावर ते गृहीतक धोक्याचे ठरले. जुन्या मजकुरात दोषही दडलेले होते. २०१४ च्या अखेरीस जाहीर करण्यात आलेल्या सुरक्षात्रुटींपैकी काही थेट १९८७ च्या पहिल्या आवृत्तीपासून चालत आलेल्या असल्याचे निदर्शनास आले.

वेलँडचा उदय

एक्सच्या विकासकांनाच या मर्यादा सर्वाधिक ठाऊक होत्या. त्यांच्यापैकी एक असलेल्या क्रिस्टियन होग्सबर्ग यांनी २००८ मध्ये रेड हॅट या कंपनीत असताना नव्या व्यवस्थेचे काम सुरू केले. मॅसॅच्युसेट्समधील वेलँड या गावावरून त्यांनी तिला नाव दिले. वेलँड ही एक्सवर बाहेरून झालेली चढाई होती, असा समज काही ठिकाणी आढळतो. वस्तुतः एक्सची देखभाल करणाऱ्यांनीच तिची उभारणी केली.

वेलँड ही आज्ञावली नसून संवादाची नियमावली आहे, ही बाब येथे ध्यानात घ्यावी लागते. आज्ञावलीने आपली चौकट स्वतः रंगवावी व तयार झाल्यावर कंपोझिटरला कळवावे. कंपोझिटरने सर्व चौकटी जुळवून चित्र कर्नेलमार्फत पडद्यावर मांडावे, इतकी ती सुटसुटीत आहे. मधला सर्व्हर काढून टाकण्यात आला आणि कंपोझिटरलाच सर्व्हरचा दर्जा मिळाला. एका आज्ञावलीला दुसरीची चौकट पाहण्याची किंवा तिची कळ ऐकण्याची मुभा उरली नाही. जुन्या आज्ञावली चालाव्यात यासाठी 'एक्सवेलँड' हा दुभाषा ठेवण्यात आला. वेलँडची १.० ही स्थिर आवृत्ती ऑक्टोबर २०१२ मध्ये प्रसिद्ध झाली.

या रचनेचा एक अपरिहार्य परिणाम असा की, वेलँडमध्ये सर्वांसाठी एकच सर्व्हर असूच शकत नाही. ग्नोमचा 'मटर' वेगळा, केडीईचा 'केविन' वेगळा आणि लहान प्रकल्पांसाठी 'डब्ल्यूएलरूट्स' हा सामाईक पाया वेगळा. भाषा एक, पण बोलणारे अनेक. एखादी नवी सोय सर्वत्र यावयाची तर आधी तिच्या नियमांवर सर्वांचे एकमत व्हावे लागते आणि मग प्रत्येकाने ती आपापल्या परीने बांधावी लागते. रंगांच्या अचूक व्यवस्थापनाचे नियम वेलँडमध्ये दीर्घ चर्चेनंतर २०२५ च्या आरंभी संमत झाले, यावरून या प्रक्रियेच्या गतीची कल्पना यावी.

मिरचा अध्याय

उबुंटूची निर्मिती करणाऱ्या कॅनॉनिकल या कंपनीचे संस्थापक मार्क शटलवर्थ यांनी नोव्हेंबर २०१० मध्ये उबुंटू पुढे वेलँडकडे जाईल असे जाहीर केले होते. परंतु मार्च २०१३ मध्ये कंपनीने 'मिर' हा आपला स्वतंत्र डिस्प्ले सर्व्हर बनवीत असल्याची घोषणा केली. फोन, टॅबलेट, दूरचित्रवाणी संच आणि संगणक या सर्वांवर एकच प्रणाली चालविण्याचा कंपनीचा संकल्प होता. त्यासाठी वेलँडची वाट पाहणे परवडणारे नाही आणि त्याची रचना आपल्या गरजांना पुरी पडत नाही, अशी कारणे देण्यात आली. वेलँडच्या विकासकांनी त्यांतील तांत्रिक आक्षेप खोडून काढले आणि कंपनीने काही विधाने मागेही घेतली.

विरोधाचे दुसरे कारण परवान्याचे होते. वेलँड अत्यंत सैल परवान्याखाली उपलब्ध आहे. मिर जीपीएलखाली होता, परंतु त्यात भर घालणाऱ्याला आपले योगदान अन्य परवान्याखालीही देण्याचा अधिकार कॅनॉनिकलला लेखी द्यावा लागे. हा अधिकार इतर कोणालाही नव्हता. ही विषमता अनेकांना मान्य झाली नाही. केडीईच्या विकासकांनी मिरला पाठिंबा देण्याचे नाकारले. सप्टेंबर २०१३ मध्ये इंटेलने आपल्या ग्राफिक्स ड्रायव्हरमध्ये आधी समाविष्ट झालेली मिरसाठीची तरतूद काढून टाकली.

एकट्या कंपनीला संपूर्ण भार पेलणे अवघड होते. उबुंटूचे फोन २०१५ मध्ये युरोपात विक्रीस आले, परंतु त्यांना बाजारपेठ मिळाली नाही. एप्रिल २०१७ मध्ये शटलवर्थ यांनी हा संकल्प सोडून देत असल्याचे जाहीर केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील उबुंटू १७.१० वेलँडसह आली. मिर मात्र नामशेष झाला नाही. त्याने पुढे वेलँडचीच भाषा स्वीकारली आणि विशिष्ट कामाच्या लहान उपकरणांसाठी कंपोझिटर बनविण्याचा पाया म्हणून तो टिकून राहिला.

फोनचे वेगळे जग

वैयक्तिक संगणकाच्या पडद्यासाठी हा वाद रंगलेला असताना कोट्यवधी लिनक्स उपकरणे त्यापासून अलिप्त होती. २००८ मध्ये बाजारात आलेल्या अँड्रॉइडने लिनक्सचा गाभा घेतला, परंतु पडद्यासाठी 'सरफेसफ्लिंगर' ही स्वतःची व्यवस्था ठेवली. विजेरीची बचत, स्पर्शाला तत्काळ प्रतिसाद आणि एका वेळी बहुधा एकच चौकट या फोनच्या गरजा होत्या. दूरच्या संगणकावरून चित्र आणण्याची सोय तेथे निरुपयोगी होती.

या निर्णयाचे पडसाद दूरवर उमटले. ग्राफिक्स चिप बनविणाऱ्या कंपन्यांनी केवळ अँड्रॉइडसाठी, तेही मूळ मजकूर न देता, ड्रायव्हर पुरविले. त्यामुळे लिनक्सवर आधारित अन्य फोन बनविणाऱ्यांना ते थेट वापरता येईनात. अँड्रॉइडचे ड्रायव्हर सामान्य लिनक्सवर चालविणारी 'लिबहायब्रिस' ही आज्ञावली यातूनच जन्मास आली. फिनलंडमधील योल्ला कंपनीच्या सेलफिश प्रणालीने तिच्या आधारे वेलँडचा वापर केला. सॅमसंगच्या टायझेन प्रणालीने आरंभी एक्स आणि नंतर वेलँड स्वीकारला, एलजीच्या वेबओएस दूरचित्रवाणी संचांत वेलँड आहे आणि मोटारींमधील पडद्यांसाठीच्या ऑटोमोटिव्ह ग्रेड लिनक्स प्रकल्पानेही तोच निवडला. थोडक्यात, संगणकाच्या आधी उपकरणांनी वेलँडला आपलेसे केले.

ड्रायव्हरची अडवणूक

ग्राफिक्स कार्ड बनविणाऱ्या एनव्हिडिया कंपनीने आणखी एक मतभेद पुढे आणला. तयार झालेले चित्र आज्ञावलीकडून कंपोझिटरकडे कोणत्या मार्गाने सोपवावे, याची एक सामाईक पद्धत इतरांनी स्वीकारली होती. एनव्हिडियाने तिच्याऐवजी आपली 'ईजीएलस्ट्रीम्स' ही पद्धत पुरस्कृत केली. ग्नोमने दोन्ही पद्धतींची तजवीज केली. काही लहान प्रकल्पांनी स्पष्ट नकार दिला. मधल्या मध्ये या कंपनीचे कार्ड असलेल्या वापरकर्त्यांची कुचंबणा झाली. ऑक्टोबर २०२१ मध्ये एनव्हिडियाने आपल्या ४९५ या ड्रायव्हर आवृत्तीत सामाईक पद्धतीला आधार दिला आणि हा तिढा बराचसा सुटला.

सुरक्षिततेची किंमत

वेलँडचे नियम कठोर असल्याने काही वैध कामेही अडली. संपूर्ण पडदा इतरांना दाखविणे, दुरून संगणक हाताळणे, कळांच्या संयोगाने पार्श्वभूमीतील आज्ञावलीला सूचना देणे ही सारी कामे एक्सच्या सैलपणावर उभी होती. त्यांच्यासाठी परवानगी मागून मर्यादित प्रवेश देणारी 'पोर्टल' ही व्यवस्था आणि चित्रप्रवाह वाहून नेणारी 'पाइपवायर' ही यंत्रणा नव्याने बांधावी लागली.

याचा सर्वाधिक फटका दृष्टिहीन वापरकर्त्यांना बसला. पडद्यावरील मजकूर वाचून दाखविणाऱ्या 'ऑर्का' सारख्या आज्ञावलीला इतर चौकटींतील मजकूर आणि प्रत्येक कळ यांची माहिती मिळणे आवश्यक असते. हेरगिरी करणारी आज्ञावली आणि दृष्टिहीनांना आधार देणारी आज्ञावली या दोघींची मागणी सारखीच दिसते. फरक हेतूचा असतो आणि हेतू ओळखणे संगणकाला जमत नाही. मार्च २०२५ मधील ग्नोम ४८ मध्ये ऑर्काला कळा ओळखता याव्यात यासाठी खास तरतूद करण्यात आली. वेलँडची स्थिर आवृत्ती येऊन तोवर बारा वर्षे लोटली होती. जुनी व्यवस्था बंद करण्याची घाई होत आहे, असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप या दृष्टीने निराधार नाही. जून २०२५ मध्ये एक्सची देखभाल पुढे चालविण्यासाठी 'एक्सलिब्रे' ही नवी शाखा निघाली, तिच्यामागेही अशा नाराजीचा वाटा आहे.

भारतीय भाषांच्या वापरकर्त्यांनाही या बदलाची दखल घ्यावी लागते. कळफलकाच्या मांडणीची माहिती वेलँडने एक्सच्याच परंपरेतून घेतली असल्याने इनस्क्रिप्ट मांडणी पूर्ववत चालते. मात्र रोमन कळांवरून उच्चारानुसार देवनागरी लिहिण्यासाठी आयबससारखी टंकलेखन साधने लागतात. त्यांना कंपोझिटरची साथ आवश्यक असते आणि ती प्रत्येक डेस्कटॉपवर सारखी नसते. केरळमधील शाळांत लिनक्सचा वापर दीर्घकाळापासून होत आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ मध्ये 'बॉस' ही भारतीय लिनक्स प्रणाली उपलब्ध करून दिली. अशा संस्थांच्या दृष्टीने पडद्यामागील बदल म्हणजे प्रत्येक भाषेतील टंकलेखन पुन्हा तपासून पाहणे होय.

अपव्यय की अटकाव?

या साऱ्या घटनाक्रमातून अनेक डिस्प्ले सर्व्हर असण्याची चार कारणे स्पष्ट होतात. पहिले, उपकरणांच्या गरजा भिन्न आहेत. विद्यापीठाचे जाळे, खिशातील फोन आणि मोटारीचा पडदा यांना एकच माप लागू पडत नाही. दुसरे, जुनी व्यवस्था एकदम मोडता येत नाही, कारण तिच्यावर असंख्य आज्ञावली अवलंबून असतात; त्यामुळे जुने आणि नवे दीर्घकाळ शेजारी नांदतात. तिसरे, परवाना आणि नियंत्रण यांवरील अविश्वास तांत्रिक मतभेदांपेक्षा अधिक खोल जातो. चौथे, मूळ मजकूर खुला असल्याने असहमतीला नुसत्या तक्रारीवर थांबावे लागत नाही, तिला पर्याय उभा करता येतो.

या पद्धतीत श्रम वाया जातात, हे मान्य करावे लागेल. मिरवर खर्च झालेली वर्षे वेलँडला मिळाली असती तर संक्रमण लवकर झाले असते, असे मत अनेकदा मांडले जाते. तथापि याच पद्धतीने १९९८ आणि २००४ मध्ये परवान्यावर येऊ घातलेली बंधने निष्फळ ठरविली, हेही विसरता येत नाही. जी मोकळीक पुनरावृत्तीला वाव देते, तीच एकाधिकाराला अटकाव करते.

सामान्य वापरकर्त्यासाठी व्यावहारिक बाब अशी की, फेडोराने २०१६ मध्ये, डेबियनने २०१९ मध्ये आणि केडीई प्लाझ्माने २०२४ मध्ये वेलँडला प्राधान्य दिले. विद्यार्थ्यांमध्ये लोकप्रिय असलेल्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकानेही २०२३ पासून तोच मार्ग धरला. जुन्या आज्ञावली एक्सवेलँडच्या साहाय्याने चालत राहतील. ज्यांचे काम वाचकयंत्र, दूरस्थ जोडणी किंवा विशेष टंकलेखन साधनावर अवलंबून आहे, त्यांनी नवी आवृत्ती स्वीकारण्यापूर्वी ती साधने तपासून घेणे हितावह ठरेल. गरज पडल्यास दीर्घ मुदतीच्या जुन्या आवृत्त्यांचा आधार घेता येतो. त्या आवृत्त्यांची मुदत संपण्यापूर्वी दृष्टिहीन आणि अन्य विशेष गरजा असलेल्या वापरकर्त्यांची कामे नव्या पडद्यावर निर्वेध होऊ लागतात किंवा कसे, यावरच या स्थित्यंतराचे अंतिम मूल्यमापन होईल.